व्हरांड्यातला फळा

आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात खोलीवार नावांचा फळा असे. माझे अक्षर बरे म्हणून मी आठवीत असताना गृहपाल सरांनी तो माझ्याकडे सोपवला. सहामाहीनंतर खोल्यांची अदलाबदल झाली आणि फळा बदलायचे माझ्याकडून राहून गेले. त्या रविवारी पाचवीतल्या एका मुलाचे वडील गावाहून आले. फळा वाचून ते सात नंबरच्या खोलीशी गेले. खोलीला कुलूप होते. तासभर उंबऱ्यावर बसले आणि परतीची एसटी चुकेल म्हणून भाकरीचे गाठोडे दाराशी ठेवून निघून गेले. त्यांचा मुलगा तेव्हा दोन खोल्या पलीकडे तापाने झोपलेला होता. सर रागावले नाहीत. “फळा तूच लिहितोस ना रे?” एवढेच त्यांनी विचारले.

पुढे मी संकेतस्थळे घडवण्याच्या व्यवसायात आलो. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा ब्राउझरच्या हाती प्रथम एचटीएमएलचे एक पान येते. पुढचा जावास्क्रिप्टचा कार्यक्रम कोणत्या नावाच्या फाइलीत आहे, हे ते पान सांगते. थोडक्यात, फळाच. टोबियास कोपर्स यांनी 2012 मध्ये सुरू केलेले वेबपॅक हे साधन शेकडो लहान फाइलींची एकत्र मोट बांधते. मोटेच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेला अक्षर-अंकांचा ठसा घालता येतो. मजकूर बदलला की ठसा बदलतो, म्हणजे नावही बदलते. ब्राउझर एकदा आणलेली फाइल जपून ठेवतो. नवे नाव दिसले तरच नवी आणतो. युक्ती उत्तम, पण नाव दर वेळी बदलणार आणि पान मात्र आम्ही हाताने लिहीत होतो.

व्हायचे तेच झाले. एका प्रवेश अर्जाच्या कामात मी रात्री नवी मोट चढवली, जुनी पुसली आणि पानातले नाव बदलायला विसरलो. सकाळी सर्वांना कोरे पांढरे पान दिसू लागले. अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. तालुक्याच्या गावांतून पालकांचे फोन येत होते आणि मला ते कुलूप लावलेले दार आठवत होते.

त्यानंतर मी एचटीएमएल-वेबपॅक-प्लगइन वापरू लागलो. वेबपॅकच्या मांडणीत त्याची नोंद केली की प्रत्येक बांधणीच्या अखेरीस, या खेपेला कोणत्या नावांच्या फाइली निघाल्या हे ते वेबपॅककडूनच जाणून घेते आणि त्या नावांसह पान स्वतः लिहून काढते. माणसाच्या आठवणीवर काही उरत नाही. त्याचा तयार साचा मात्र जसाच्या तसा घेऊ नये. त्यात शीर्षक ‘वेबपॅक ॲप’ असेच येते (चालत्या संकेतस्थळांवरही ते तसेच राहिलेले मी पाहिले आहे!) आणि पानाची भाषा मराठी असल्याची नोंद नसते. आपला साचा आपण द्यावा. पाने अनेक असतील तर प्रत्येक पानासाठी प्लगइनची वेगळी नोंद करावी लागते. आम्ही पानांची एक यादी ठेवली आणि तिच्यावरून या नोंदी आपोआप तयार करवल्या. आता नवे पान म्हणजे यादीत एक ओळ. कोणत्या पानात कोणती मोट जोडायची तेही सांगावे लागते, नाहीतर प्रत्येक पान सगळ्याच मोटा ओढत बसते.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. मोटेचे नाव बदलते, पण पानाचे स्वतःचे नाव तेच राहते. हे पान बराच काळ जपून ठेव, असे सर्व्हरने ब्राउझरला सांगितले असेल, तर वाचकापुढे जुनेच पान येते आणि ते पुसलेल्या फाइलींची नावे सांगत राहते. फळा बिनचूक लिहिला, तरी येणाऱ्याच्या खिशात मागच्या महिन्याची चिठ्ठी! म्हणून मोटा दीर्घकाळ जपू द्याव्यात, पान मात्र दर वेळी ताजे आहे का ते विचारायला लावावे. हे प्लगइन करत नाही. सर्व्हरची मांडणी ठरवणाऱ्यानेच ते करायचे असते.

आणि जुन्या मोटा मी आता लगेच पुसत नाही. महिनाभर तशाच राहू देतो. कोणी जुने पान उघडून बसलेला असेल, तर त्याला दार उघडे मिळते.