तळ दिसला पाहिजे

आम्ही दोघी जावा. आमचे घरवाले, म्हणजे दोघे सख्खे भाऊ, आखातात नोकरीला. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत, माडापोफळींच्या वाडीत. घरात अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, आम्ही दोघी आणि आमची चार मुलं. थोरली शेतकऱ्याच्या घरातली, भाताची खाचरं तुडवत वाढलेली. धाकटी बी.एस्सी., रसायनशास्त्र घेऊन पास झालेली आणि लग्नानंतर ते सगळं विसरत चाललेली. हा लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. कारण ज्या प्रसंगाबद्दल लिहायचं आहे, त्यात चूकही दोघींची होती आणि मेहनतही.

२०१९ साली भावांनी घर नव्यानं बांधलं, तेव्हा मागच्या अंगणात मुलांसाठी एक पूल बांधून घेतला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, एका टोकाला कमरेइतका, दुसऱ्या टोकाला जेमतेम छातीपर्यंत. अम्मी त्याला आजही हौदच म्हणतात. गावात बोलणारे बोलले, "पैसा आला की पाणी सुचतं." आम्हीही मनातून थोड्या ओशाळलेल्याच होतो. पण मुलं पोहायला शिकली, आणि खाडीकाठच्या गावात मुलांना पोहता येणं ही चैन नाही, असं म्हणून आम्ही आमच्या मनाची समजूत घातली.

भाऊ सुट्टी संपवून गेले आणि हौद आमच्या गळ्यात पडला. पंप किती तास चालवायचा, पाण्यात काय टाकायचं, हे एका कागदावर लिहून त्यांनी तो पंपाच्या खोलीत चिकटवला होता. तेवढंच आमचं शिक्षण.

पाणी पहिल्यांदा हिरवं झालं ते ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर. माड आडवे झाले, खांब वाकले, कित्येक दिवस वीज नव्हती. पंप बंद, पाण्यात पानांचा खच. आधी घराची कौलं सावरायची की हौद? पुढे पाऊस लागल्यावर विहीर भरली, वीज आली, आणि आम्ही सरळ हौद उपसून रिकामा केला. दोन दिवसांनी पाहिलं तर तळाच्या टाइल्स फुगून वर आलेल्या. गवंडी म्हणाला, "भाबी, पावसाळ्यात जमिनीखाली पाणी चढलेलं असतं. वरचं वजन काढलंत, तर खालचं पाणी उचलणारच." टाइल्स पुन्हा बसवाव्या लागल्या. शेवाळापेक्षा उपाय महाग पडला.

दुसरी वेळ आली २०२३च्या रमजानमध्ये. रोजे चालू, पोहायला कोणाला वेळ आहे? रोज सहा तास चालणारा पंप आम्ही बंद केला. विजेचं बिल वाचेल हा हिशेब. औषध टाकणंही राहिलं. क्लोरीन उन्हानं उडून जातं, आणि ते संपलं की हवेतून, पानांवरून, पक्ष्यांच्या पायांवरून येणारे शेवाळाचे सूक्ष्म कण पाण्यात मोकळे वाढतात. त्यांना ऊन हवं, ऊब हवी आणि थोडं खाद्य हवं. एप्रिलमध्ये कोकणात या तिन्ही गोष्टींना तोटा नाही. आधी पायऱ्या बुळबुळीत झाल्या, मग कोपऱ्यांत हिरवी झाक आली, आणि शेवटच्या रोज्यापर्यंत सगळा हौद पालकाच्या रश्श्यासारखा दिसू लागला. "ईद झाली की बघू," असं आम्ही दोघी एकमेकींना म्हणत राहिलो.

२२ एप्रिलला ईद झाली. घर पाहुण्यांनी भरलं. फुफू मुंबईहून आल्या होत्या, सोबत त्यांचा चार वर्षांचा नातू. ईदच्या तिसऱ्या दिवशी, असरच्या नमाजनंतर फुफूंनी हाक मारली आणि पोर काही सापडेना.

आधी आम्ही हसतच शोधलं. माळा, न्हाणीघर, गोठा. मग हाका मोठ्या झाल्या. आणि मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी मागच्या अंगणाकडे वळल्या. हौदाच्या काठावर त्याची एक चप्पल पडलेली होती.

आम्ही काठावर उभ्या राहून पाण्यात पाहिलं. काही दिसलं नाही. पाणी कमरेइतकंच, पण एक हात खालचंही दिसत नव्हतं. त्या पाण्यात मूल असतं तरी दिसलं नसतं. वाडीत काम करणारा गडी कपड्यांसकट उतरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळावरून पाय फिरवत चालू लागला. आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. दर पावलाला वाटायचं, आता थांबेल. फुफू खाली बसल्या होत्या. अम्मींचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

पोर सापडलं भाताच्या कोठीमागे, मांजरीच्या पिल्लांजवळ झोपलेलं. अल्हम्दुलिल्लाह. चप्पल सकाळीच खेळताना पडली होती. गडी अजून पाण्यातच होता, त्याला कोणी सांगायलाच विसरलं होतं.

त्या रात्री आम्हा दोघींना झोप लागली नाही. हिरवं पाणी वाईट दिसतं, मच्छर होतात, अंगाला खाज सुटते, एवढंच आजवर आम्हाला ठाऊक होतं. त्याचा खरा धोका त्या दिवशी कळला. गढूळ पाण्यात बुडणारा दिसत नाही, आणि शेवाळलेल्या पायरीवर चार वर्षांच्या पोराचा पाय टिकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम केलं ते कुंपणाचं. गड्यानं बांबूचं छातीइतकं उंच कुंपण घातलं आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर कवाडाला कडी लावली. पाणी नंतर.

फोनवर थोरल्या भावांनी निकाल दिला, "रिकामा करा. तळ घासून घ्या, नवं पाणी भरा. विहिरीचं पुरलं नाही तर टँकर मागवा, पैसे पाठवतो." सोपं होतं. आम्ही पाइप जोडलासुद्धा. तेवढ्यात खालच्या वाडीतली चाची कळशी घेऊन आमच्या विहिरीवर आली. एप्रिल संपत आला की तिकडची विहीर तळाला जाते, मग दहा-बारा घरं आमच्याकडून पाणी नेतात. तिनं पाइपाकडे पाहिलं, हौदाकडे पाहिलं, काही बोलली नाही. कळशी भरून घेतली आणि निघून गेली.

धाकटीनं कागद-पेन घेतलं. आठ गुणिले चार गुणिले सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे साधारण ३८ हजार लिटर. खेड्यात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी योजनेचं प्रमाण आहे. त्या हिशेबानं पाच माणसांच्या घराला साडेचार महिने पुरेल इतकं पाणी आम्ही ओतून देणार होतो, आणि तेवढंच पुन्हा विहिरीतून ओढणार होतो. अम्मी ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वुजूला लोटाभर पाण्यात भागवायला शिकवलं मी तुम्हाला. आणि हा इसराफ?"

आम्ही पाइप काढून ठेवला. घरवाल्यांचा शब्द मोडायची ही आमची पहिली वेळ नव्हती, पण दोघींनी मिळून मोडायची पहिलीच.

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं तुरटी टाका. तुरटीनं गाळ खाली बसतो, शेवाळ मरत नाही. कोणी म्हणालं गप्पी मासे सोडा. ते मच्छरांच्या अळ्या खातात, पाणी नितळ करत नाहीत. पोफळीवाल्या शेजाऱ्यांनी मोरचूद आणून दिलं. पोफळीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रणात आपण तेच वापरतो. मोरचुदानं शेवाळ मरतं हे खरं, पण त्यातलं तांबं पाण्यातच साठत जातं, टाइल्सवर डाग पडतात, पांढऱ्या केसांना हिरवट रंग येतो. लेकरांच्या तोंडात जाणारं पाणी आहे म्हणून आम्ही ते शुक्रिया म्हणून परत केलं.

मग धाकटीनं जुनी वही काढली, तपासणीचा संच मागवला, आणि आम्ही पायरी पायरीनं कामाला लागलो.

आधी पानं आणि लोंबणारं शेवाळ जाळीनं काढलं. मग पाण्याचा पीएच पाहिला. तो ८.२ निघाला. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पीएच चढतो, आणि चढलेल्या पीएचला क्लोरीनचा जोर फार कमी होतो. नेमकं हेच आधी आम्हाला माहीत नव्हतं. नुसतं औषध ओतत राहिलो असतो तर बरंचसं वाया गेलं असतं. थोडं थोडं ॲसिड टाकत, मधे पंप चालवत, पीएच ७.२वर आणला.

दुसरी पायरी क्लोरीनची. रोजच्या वापरात ते १ ते ३ पीपीएम पुरतं. शेवाळ मारायला आम्ही १५ पीपीएमपर्यंत नेलं. आमच्या ३८ हजार लिटरला ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटचे सुमारे ९०० ग्रॅम लागले. ते सूर्यास्तानंतरच टाकायचं, नाहीतर ऊन ते खाऊन टाकतं. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग भुकटी. उलट कधीच नाही. हातात मोजे, तोंडाला ओढणी, डोळ्यांना चष्मा. आणि ॲसिड व क्लोरीन एकमेकांजवळ ठेवायचंसुद्धा नाही, कारण दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. आम्ही ॲसिड पंपाच्या खोलीत आणि भुकटी वरच्या कोठीत, कुलपात ठेवली.

तिसरी पायरी घासण्याची. ही थोरलीची. भिंतींवरचं शेवाळ बुळबुळीत थर धरून बसतं, त्या थराखाली औषध पोचत नाही. सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याच्या ब्रशनं भिंती, पायऱ्या, कोपरे, शिडीमागची जागा. खांदे भरून यायचे.

चौथी पायरी गाळण्याची. पंप रात्रंदिवस चालू. मेलेलं शेवाळ वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतं. स्वच्छ असताना फिल्टरचा काटा १२वर असायचा, तो २०वर गेला की पाणी उलटं सोडून वाळू धुवायची. दर वेळी काही शे लिटर जातात. ते आम्ही वाया जाऊ दिलं नाही. खड्ड्यात साठवलं, दोन दिवस उन्हात राहू दिलं, क्लोरीन उडाल्याची तपासणी केली आणि मगच माडांच्या आळ्यांत सोडलं.

पहिल्या रात्री टाकलेलं क्लोरीन सकाळी जवळजवळ शून्य. आम्ही घाबरलो, पण ते शेवाळ मारण्यातच खर्च झालं होतं. पुन्हा टाकलं. दुसऱ्या दिवशी हिरवा रंग गेला आणि पाणी दुधाळ राखाडी झालं. फुफू म्हणाल्या, "हे तर आणखी बिघडलं." तसं नव्हतं, ते मेलेलं शेवाळ होतं. इथेच माणसं कंटाळून सोडून देतात. पाचव्या दिवशी दुसरी पायरी दिसली. मुलांनी खोल टोकाला स्टीलची ताटली सोडली होती, ती आठव्या दिवशी काठावरून स्पष्ट दिसली. त्या रात्री क्लोरीन मोजलं, पहाटे फज्रनंतर पुन्हा मोजलं. फरक एक पीपीएमहूनही कमी. म्हणजे खायला आता पाण्यात काही उरलं नव्हतं. क्लोरीन उतरून ३च्या आत आल्यावरच मुलांना उतरू दिलं.

हिशेबाची गंमत ऐका. पाऊण किलोवॅटचा पंप रोज सहा तास, २९ रोजे. आम्ही वाचवली होती साधारण १३० युनिट वीज. आठ दिवस अखंड चालवून जाळली १४४ युनिट. औषधाचा खर्च आणि खांदेदुखी वेगळी.

आता पंप रमजानमध्येही चालतो. रोज संध्याकाळी थोडं क्लोरीन, आठवड्यातून दोनदा तपासणी, एकदा ब्रश. दहा मिनिटांचं काम. बांबूच्या जागी लोखंडी कुंपण आलं, आपोआप बंद होणाऱ्या दाराचं. भाऊ पुढच्या सुट्टीत आले तेव्हा थोरल्या भावांनी पंपाच्या खोलीतला जुना कागद काढला आणि धाकटीच्या हातचा नवा लावला. बोलले काही नाहीत, पण आम्हाला कळलं.

ज्या भगिनींच्या घरी हौद आहे, शेततळं आहे, किंवा नुसती उघडी टाकी आहे, त्यांना आमचं एवढंच सांगणं: पाणी हिरवं दिसू लागलं की ईदची वाट पाहू नका.

अम्मी अजूनही मगरिबच्या आधी काठी टेकत मागच्या अंगणात येतात. कुंपणाला हात धरून विचारतात, "तळ दिसतो का गं?" त्यांना आता नीट दिसत नाही. आम्ही दोघींपैकी जी जवळ असेल ती वाकून बघते आणि सांगते, "दिसतो, अम्मी." मगच त्या वुजूला वळतात.