सुंभ, पीळ आणि यलोस्टोनचे झरे

यलोस्टोनला जाणारे बहुतेक प्रवासी ‘ओल्ड फेथफुल’चे उसळते कारंजे पाहून तृप्त मनाने परततात. अमेरिकेने १८७२ साली राखून ठेवलेल्या या रानात दहा हजारांहून अधिक गरम झरे, फवारे नि खदखदती चिखलडबकी आहेत. हवेत गंधकाचा वास, पायांखाली फळ्यांची वाट. तिकडे शिकायला गेलेला भाचा बरोबर होता. “मामा, फळी सोडून पाऊल टाकू नका; खालचा पापुद्रा पातळ आहे,” असे तो दहादा बजावीत होता.

माझे पाय खिळले ते ‘ग्रँड प्रिझमॅटिक’ झऱ्यापाशी. सुमारे ३७० फूट रुंदीचे हे कुंड मध्यभागी गर्द निळे, आणि काठाकडे पिवळे, नारिंगी, तपकिरी. मला वाटले, ही खनिजांची किमया. भाचा म्हणाला, “हे रंग जिवंत आहेत.” काठाकाठाने सूक्ष्म जंतूंचे थर वाढतात, त्यांचेच हे रंग. मध्यभागी पाणी इतके तापलेले असते की हे रंगीत जंतू तेथे टिकत नाहीत. म्हणून तेथे नुसती पाण्याची निळाई.

याच रानातील ‘मशरूम स्प्रिंग’ नावाच्या झऱ्यातून टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६६ साली सुमारे ७० अंश सेल्सियसला सुखाने नांदणारा एक जंतू मिळवला. ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हे त्याचे नाव १९६९ साली जगापुढे आले. पुढे याहूनही तापट जीव सापडले. काही तर उकळत्या पाण्याहून अधिक उष्णतेत वाढतात.

मी पडलो मराठीचा मास्तर. तरी एक शंका मला सोडीना. प्रत्येक जीवाची कुंडली डीएनए नावाच्या दुपदरी दोरात लिहिलेली असते. प्रयोगशाळेच्या नळीत तो दोर नव्वदपंचाण्णव अंशांना तापवला की पदर सुटतात. मग या जंतूंचा दोर उसवत कसा नाही?

कोणालाही प्रथम सुचेल ते असे, की दोन पदरांना सांधणाऱ्या जोड्यांपैकी ज्या अधिक घट्ट, त्याच या जीवांनी भरपूर वापरल्या असतील. पण तसे नाही. यलोस्टोनच्या आम्लधर्मी झऱ्यांत राहणाऱ्या ‘सल्फोलोबस’च्या डीएनएत घट्ट जोड्या निम्म्याहूनही कमी! खरी युक्ती पिळात आहे. किकुची आणि असाई या जपानी संशोधकांना १९८४ साली सल्फोलोबसमध्ये ‘रिव्हर्स गायरेज’ हे विकर सापडले. ते दोराला नेहमीपेक्षा जास्त पीळ देते. एरवी बहुतेक जीवांत हा पीळ थोडा सैल असतो. घट्ट वळलेल्या चऱ्हाटाचे पदर सहज सुटत नाहीत, तसेच हे. अत्यंत उष्णतेत वाढणाऱ्या जीवांत हे विकर सर्रास आढळते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाला हिणवतो; इथे पिळामुळे सुंभ वाचतो.

अर्थात नुसत्या पिळावर भागत नाही. प्रथिने दोराभोवती बसून त्याला आधार देतात. पेशीतले क्षारही पदर एकत्र धरायला मदत करतात. तरीही उष्णतेने दोराची अक्षरे झडतातच. दुरुस्तीचे काम रात्रंदिवस चालू ठेवावे लागते.

या सगळ्याशी आपला काय संबंध? २०२० साली माझ्या आईच्या नाकातला स्राव तपासायला गेला, त्या रात्री घरात कोणी झोपले नाही. आरटी-पीसीआर नावाच्या त्या तपासणीच्या मुळाशी थर्मस अ‍ॅक्वाटिकसचेच एक विकर आहे. कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचलेल्या युक्तीत डीएनए पुन्हापुन्हा तापवून पदर मुद्दाम सोडवायचे, आणि प्रत्येक पदराची नक्कल करायची. त्या तापात न बिघडणारा नक्कलनवीस या झऱ्याने दिला. मुलिस यांना १९९३ साली नोबेल मिळाले. आईचा अहवाल निर्दोष आला, तेव्हा आम्हांला यातले काहीच ठाऊक नव्हते.

१८७२ साली हे रान राखणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. त्यांनी केवळ नवल म्हणून झरे सांभाळले. उन्हवरे, तुरळ, वज्रेश्वरी येथे आपलीही गरम पाण्याची कुंडे आहेत. तिकडे गेलात तर स्नान जरूर करा. पण साबण घरी ठेवा, आणि काठावरचा हिरवा-तांबडा थर घाण समजून खरवडू नका, एवढीच विनंती.