माळवद, पत्रा की स्लॅब?

वीकेंडचा प्लॅन ठरवताना जालना कुणाच्याच लिस्टवर नसतं. फार तर ‘ते स्टीलवालं शहर ना?’ एवढंच. पण जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि आता मुंबईहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला तिथं पोचता येतं. तेव्हा एकदा जा. अंबड, घनसावंगीच्या बाजूला गाडी वळवा आणि गावात शिरलात की मान वर करून नुसती छपरं बघा.

कौलारू घर क्वचितच दिसेल. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथं उतार हवाच. जालन्यात पडतो सरासरी सातशेच्या आसपास. एवढ्याला सपाट छत पुरतं. वर कुरडया, मिरच्या वाळतात आणि उन्हाळ्यात अंथरूण टाकायलाही हक्काची जागा मिळते.

या सपाट छताचा जुना अवतार म्हणजे माळवद. कुणी धाबंही म्हणतं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, वर फळ्या किंवा काटक्या, पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा चोपून बसवलेला थर. पाणी पन्हळीतून बाहेर. घर केवढं हे स्क्वेअर फुटांत नाही, खणांत सांगायचं. दोन खांबांमधलं अंतर तो खण. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या जाड मातीतून ऊन खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. एसी नाही, बिल नाही!

मग लोकांनी माळवदं का सोडली? एक कारण कटकट. दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, भेगा लिंपायच्या. जुनी माती मात्र सहसा कुणी काढत नसे. वर्षागणिक थर चढत गेला. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चार टनांहून जास्त वजन, पाच-सहा छोट्या मोटारी डोक्यावर पार्क केल्यासारखं.

दुसरं कारण भीती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाची रात्र उलटून गावं झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली. किल्लारी जालन्यापासून दोनशे किलोमीटरवर. पण छतं सगळीकडे सारखीच होती ना! खरं तर दोष एकट्या मातीचा नव्हता. मातीत रचलेल्या दगडी भिंती आधी फुटल्या. जिथं खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत होता, तिथं भिंत पडूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. माती खरवडून वजन कमी करा, असाही सल्ला अभियंत्यांनी दिला. पण रात्री झोप लागायला हवी, हे अभियंत्याला काय सांगणार?

पत्रा आला तो असा. हलका, स्वस्त, उचलून दुसरीकडे नेता येणारा. शेतातल्या आखाड्यावर तर तोच. पण दुपारी खाली बसवत नाही, पाऊस आला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि वादळी वाऱ्यात उडू नये म्हणून वर दगड ठेवावे लागतात. थोडक्यात, पत्रा ही नाइलाजाची निवड. लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना ती सगळ्यात महाग पडते.

ज्याला परवडतं तो स्लॅब टाकतो. त्यातली सळई बहुधा जालन्याच्या एमआयडीसीतलीच. भंगार वितळवून इथल्या कारखान्यांत ती तयार होते. कॉलमच्या वर वाकवून सोडलेल्या सळ्या दिसल्या, की समजायचं, पोराच्या लग्नाआधी वरचा मजला काढायचा बेत आहे. स्लॅब गळत नाही, दरवर्षी माती मागत नाही. मात्र चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री ती धग खोलीत सोडतं. वर पांढरा चुना मारला तर फरक पडतो; खर्चही किरकोळ.

जाणार असाल तर मेअखेरीस जा. ऊन लागेल, पण तिन्ही छपरांखाली दुपारी दहा-दहा मिनिटं बसून बघता येईल. पावसाच्या तोंडावर एखाद्या माळवदावर माती टाकण्याचं काम चालूही असेल. वर चढण्याआधी घरच्यांना विचारा. ‘या की’ म्हणतील, पण कुठली कडी कुजलीय हे त्यांनाच ठाऊक असतं.