अडीच इंच

तर झालं असं, की मार्चमध्ये मी एक जुना १३ फुटी ट्रेलर विकत घेतला. फायबरग्लासचा, गाडीमागे ओढून न्यायचा. आत दोघांना झोपायला जागा, शेगडी, बेसिन आणि कोपऱ्यात छोटासा पोर्टेबल संडास. कारण एकच : बाबा मे महिन्यात डेन्व्हरला येणार होते. वय ७४. रात्री तीनदा उठावं लागतं, त्यामुळे तंबू बाद. पण रॉकीजमध्ये एक रात्र काढायचीच, आणि ती हॉटेलात नाही, हा हट्ट. "पुढच्या वेळी येणं होईल न होईल," असं फोनवर सहज म्हणून गेले. मला ते सहज वाटलं नाही.

बाबा आले आणि त्याच आठवड्यात एचओएचं पत्र आलं. (एचओए म्हणजे आपली सोसायटीच, फक्त जास्त शिस्तीची.) ड्राइव्हवेवर ट्रेलर चालणार नाही, ३० दिवसांत हलवा, नाहीतर दंड. भाड्याच्या जागा शोधल्या, जवळपासच्या सगळ्या भरलेल्या. बायको म्हणाली, "विकून टाक." मी म्हणालो, "गॅरेजमध्ये घालतो." ती हसली.

हसण्यासारखंच होतं. गॅरेजचं दार ७ फूट, म्हणजे ८४ इंच. त्यात उघडलेल्या दाराची रबरी पट्टी दीड इंच खाली लोंबते, म्हणजे खरे साडेब्याऐंशी. आणि ट्रेलर, छपरावरच्या एसीसकट, ९७!

मी सवयीने स्प्रेडशीट उघडली. एसी काढला की १३ इंच कमी, राहिले ८४. आता २४ इंची चाकांऐवजी १६ इंची लावली की आणखी ८ गेले. झालं काम! बाबा शेजारी चहा पीत होते. म्हणाले, "अरे, एक्सल चाकाच्या मध्यावर असतो ना?" अर्थातच. व्यास ८ इंचांनी घटला तरी ट्रेलर ४ इंचच खाली येणार. (बाबांनी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं बसच्या बॉड्या बांधल्या. इंजिनियर घरात मी एकटाच, असं आपलं मी समजत होतो.)

तरी ८० वर आलो. अडीच इंच शिल्लक! छोटी चाकं फक्त गॅरेजमध्ये ढकलण्यापुरती, रस्त्यावर मोठीच. त्यांच्यावर किती भार चालतो तेही पाहिलं : प्रत्येकी ७०० पौंडांच्या वर, आणि रिकामा ट्रेलर १२००.

एसीचं दुःख नव्हतं. आठ हजार फुटांवर जुलैतही रात्री स्वेटर लागतो. पण एसी निघाल्यावर छपराला १४ बाय १४ इंचांचं भोक उरलं. त्यावर फायबरचा पत्रा, खाली ब्यूटाइल टेप, कडेने सीलंट. बाबांनी पाइपने अर्धा तास पाणी मारलं आणि एका कोपऱ्यातून थेंब आलाच. सगळं उचकटून पुन्हा केलं. आमच्या धंद्यात चुकलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. इथे कसली आवृत्ती!

चौथ्या शनिवारी सगळं तयार. मी ढकलायला हात लावणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "उतार धरलास का हिशेबात?"

नव्हता धरला. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडून गॅरेजकडे उतरतो, फुटाला एक इंच. ट्रेलर मागच्या बाजूने आत जाणार. चाकं आत सपाटीवर पोचली तरी पुढचा जॅक बाहेर उतारावर, म्हणजे उंचावर. त्यामुळे नेमका दाराखालचा भाग वर उचलला जातो. चाकं आणि जॅक यांत ९ फूट. चाकं साडेचार फूट आत असताना छप्पर सव्वादोन इंच वर. अडीचातून सव्वादोन गेले, उरला पाव इंच! माझं सगळं मोजमाप उभ्या ट्रेलरचं होतं, सरकत्या ट्रेलरचं नाही.

उपायही बाबांचाच. चाकं उंबऱ्यापाशी आली की जॅक फिरवून नाक दोन इंच खाली घ्यायचं. दाराखाली इंचभर जागा सुटते. मागचं टोक थोडं वर जातं, पण आत छत उंच आहे. आणि उतारावर हाताने धरायचं नाही. वर गाडीला हँड विंच, तिला ट्रेलर बांधलेला, दर फुटाला चाकाखाली उटी. पाऊण तास लागला. दाराची पट्टी छपराला कुठेही लागली नाही. गॅसचा सिलिंडर आधीच काढून बाहेर उघड्यावर उभा केला होता, तो गॅरेजमध्ये ठेवायचा नसतो.

जुलैत दोन रात्री डोंगरात राहिलो. बाबा तीनदा उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर खुर्ची टाकून बसले होते, अंगात माझा स्वेटर. "झोप लागली का?" विचारलं तर म्हणाले, "छप्पर गळलं नाही."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते परत गेले. ट्रेलर आत आहे, आणि त्याच्या जागेवरची माझी गाडी बाहेर बर्फात. तिला एचओएची हरकत नाही. रोज सकाळी काच खरवडतो. रविवारी बाबांचा फोन येतो, पहिला प्रश्न ठरलेला : "उटी लावलेली आहे ना?"

आहे म्हणून सांगतो. मग फोन ठेवून एकदा बघून येतो.