तुंबलेली न्हाणी

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, कायगावच्या अलीकडं. गोदाकाठची काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच फुगून वर येते. ही जमीन आमच्या घरातही भांडण लावील, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

जुन्या घरी न्हाणी म्हणजे एक शहाबादी फरशी. पाणी उघड्या चरीतनं परसातल्या अळूला नि केळीला जायचं. आई चुलीच्या राखेनं भांडी घासायची, ती राखही त्यातच. चरीत काही अडकलं तर दिसायचं, खराट्यानं ओढलं की झालं.

२००९ ला स्लॅबचं घर बांधलं. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी जमिनीखालच्या पाइपातनं गावच्या नालीला सोडलं. गवंडी म्हणाला, "भाऊ, चार इंची टाका." मी म्हणालो, "दोन इंची बास." पैसे वाचले म्हणून खूशही झालो.

२०११ ची दिवाळी. पहिल्या आंघोळीला घर पाहुण्यांनी भरलेलं. तेल, उटणं, साबण. तिसऱ्या माणसाच्या आंघोळीलाच पाणी घोट्यापर्यंत चढलं. आई उंबऱ्यातनंच म्हणाली, "हिचे केस! एवढाले लांब केस सोडती पान्यात. तुंबंल नाही तर काय व्हईल?"

पाहुण्यांसमोर बायको काहीच बोलली नाही. मीही नाही. पुढं कित्येक महिने पाणी तुंबलं की घरात तेच वाक्य. आम्ही उकळतं पाणी ओतायचो, बांबूची कामटी घालायचो. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

वैशाखात एकदा चिडून मीच टिकाव घेतला. गवंड्याला बोलावलं. त्यानं पाण्याची नळी धरून लेव्हल पाहिली नि हसला. "भाऊ, पानी चढावर कसं जाईन?" पाइप मधेच वर आला होता आणि त्याच्या मागं खोलगट झोळ पडला होता. खाली ना वाळू टाकलेली, ना मुरूम. जमीन फुगली, बसली, तसा पाइपही हलला.

पाइप कापला. आत पांढरट-पिवळा, खरवसासारखा थर. गवंडी एकेक सांगत गेला. तेल-तूप गरम असतं तोवर वाहतं, गार झालं की पाइपाला धरतं. उकळतं पाणी त्याला नुसतं पुढं ढकलतं, तिथं ते पुन्हा गोठतं. आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यात साबण फेसाळत नाही, फाटतो, त्याची साय चिकटते. त्यावर चहाचा चोथा नि भाताची शितं. आणि झोळात तळाला बसलेली, सिमेंटसारखी घट्ट राख. राख विरघळत नाही, जड असते, तळ धरते.

केस? चार-दोन होते. घरातल्या कुणाचेही असतील.

बायको तेवढ्यात आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. विंचरून निघालेल्या केसांचे गुंतवळ त्यात गच्च भरलेले. केसांवर फुगे-पिना देणारी बाई येते, तिच्यासाठी ती वर्षानुवर्षं साठवायची. आंघोळीनंतर जाळीवरचे केससुद्धा वेचून त्यातच. पिशवी तिनं माझ्यासमोर ठेवली नि भाकरी टाकायला निघून गेली. एक शब्द नाही.

चार इंची पाइप टाकला. खाली मुरूम नि वाळू, दहा फुटाला दोन इंच उतार, वळणावर झाकणाचं चेंबर. मोरीच्या तोंडाला जाळी. तेलकट कढई आधी कागदानं पुसायची, कागद चुलीत.

गाडगेबाबा गावोगाव खराटा घेऊन आधी नाल्या झाडायचे, मग रात्री कीर्तन. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २००० साली आलं, तेव्हा आमच्या चावडीवर मी स्वच्छतेवर भाषण ठोकलं होतं. घरातला घाण पाइप मात्र मला दोन वर्षं उघडावासा वाटला नाही. बायकोला दोष देणं टिकाव उचलण्यापेक्षा सोपं होतं.

आई कधी "चुकलं" म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून राखेची पाटी ती स्वतः उकिरड्यावर नेऊन टाकायला लागली. गुडघे दुखायचे, तरी. मी तर तेवढंही केलं नाही. महिन्यातनं एकदा चेंबरचं झाकण मी उघडतो, एवढंच. बायको बादलीनं पाणी ओतते, आणि ते सरळ निघून गेलं की म्हणते, "जातंय बरं का."

मी "हं" म्हणतो. बोलायचं असतं ते अजून घशातच आहे.