दुकान त्रिशूरला, विहीर गावात

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एखाद्या घराला वर्षभर कुलूप दिसलं तरी कुणी चौकशी करत नाही. माणसं दुकानावर गेलेली असतात. दुकान म्हणजे गलाईचं, जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देण्याचं. ते तालुक्याच्या गावी, विट्यात क्वचितच असतं. ते त्रिशूरला असतं, कोइमतूरला असतं, कानपूरला, गुवाहाटीला, थेट जम्मूलाही असतं. खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, तासगाव आणि सातारा जिल्ह्यातले माण-खटाव, या सगळ्या पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या याच कामासाठी देशभर पांगली आहेत. जमीन माळाची, पाऊस बेताचा आणि तोही बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर तर आमच्या गावात घरटी एक तरी पोरगा बाहेर पडला.

त्यांतच माझे वडील होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. नात्यातल्या एकाचं त्रिशूरला दुकान होतं, तिथं ते गेले. पगार नव्हता. दोन वेळचं जेवण मिळायचं आणि काम शिकायला मिळायचं. पुढं त्यांचं स्वतःचं दुकान झालं आणि शाळा संपल्यावर मीही तिथं बसू लागलो.

या कामाची बाहेर फारशी कुणाला कल्पना नसते. जुन्या दागिन्यांतलं सोनं मुशीत घालून त्यात ठरावीक चांदी मिसळायची, ते आटवून त्याचे बारीक तुकडे करायचे आणि तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं तेजाबात विरघळतं आणि तळाशी सोनं राहतं, तेही तपकिरी भुकटीसारखं. बघणाऱ्याला ती माती वाटावी. ती नीट धुऊन, सवागी टाकून पुन्हा भट्टीवर चढवली की पिवळाधमक गोळा निघतो. उरलेल्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की त्यातली चांदी परत मिळते आणि पाणी निळंशार होतं. हे सगळं एवढ्याशा खोलीत चालायचं. तेजाब उकळताना तांबूस धूर उठतो आणि घशात जाऊन बसतो. दादांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. ते निळं पाणीही तेव्हा सरळ गटारात जायचं. आता आमच्या दुकानात धूर ओढून घेणारं यंत्र आहे, पाण्याची वेगळी व्यवस्था आहे. पण ज्या पैशावर गावाकडची घरं उभी राहिली, तो पैसा कुणाच्या छातीतून आणि कुणाच्या गटारातून आला, हे हिशेबात धरलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

परदेशातून भारतात येणाऱ्या पैशाची मोजदाद होते. २०२२ साली तो १०० अब्ज डॉलरच्या पुढं गेला, याची बातमी झाली. त्रिशूरहून आमच्या गावात आलेल्या पैशाला त्या हिशेबात जागा नाही, कारण तो देशातल्या देशात फिरला. पण गावाला विचाराल तर त्याच पैशावर सावकार फिटला, बहिणींची लग्नं झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब आला.

मग देवळाचं शिखर झालं. गलाईवाल्यांनी सगळा पैसा देवळांत आणि कमानींत घातला अशी टीका मी पुष्कळ ऐकली आहे. मला ती अर्धीच पटते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढं वर्गणीची यादी मोठ्यानं वाचली जायची. कुणी किती दिले, सिमेंटला किती गेले, गवंड्याला किती, शिल्लक किती. एकमेकांपासून हजार-हजार मैलांवर राहणारी माणसं एका वहीवर विश्वास ठेवायला तिथं शिकली. पुढं पाण्याचं काम निघालं तेव्हा हीच वही कामाला आली.

पाण्याची गोष्ट मात्र आमच्या आधी दुसऱ्या स्थलांतरितांनी सुरू केली होती. मुंबईचा गिरणी संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला आणि या भागातले गिरणी कामगार गावी परतले. हातात पैसा नव्हता, पण सभा कशी घ्यायची, साहेबापुढं उभं राहून प्रश्न कसा विचारायचा, हे ते गिरणगावात शिकून आले होते. रोजगार हमीवर खडी फोडायला गेले आणि विचारू लागले, की दुष्काळ हटेल असं काम का काढत नाही? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ वाढली आणि येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीचं बळीराजा स्मृती धरण लोकांनी उभारलं. नदीतली वाळू बाहेरचे ठेकेदार उपसून नेत होते. तीच थोडी वाळू विकून लोकांनी खर्चाला हातभार लावला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता सगळ्या कुटुंबांना सारखं, भूमिहीनांनाही हिस्सा, असं तिथं ठरलं. बाहेर गेलेला माणूस गावाला काय देतो असं मला कुणी विचारलं, तर मी आधी हे धरण सांगतो. रिकाम्या हातांनी परतलेल्या माणसांनी ते दिलं.

आमच्या गावचं काम पुष्कळ उशिरा झालं. गावागावांत पाणी अडवण्याच्या कामांची, पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ला सुरू झाली आणि २०१८ ला शेजारच्या माण तालुक्यातली टाकेवाडी पहिली आली. आमची पोरं दुकानात बसून मोबाइलवर ते बघत होती. त्यांना हुरूप आला. पोकलेनच्या डिझेलचा खर्च आम्ही देतो, रस्त्याकडेच्या ओढ्यावर मोठा बांध घाला, असा त्यांचा निरोप आला.

ग्रामसभेत माझी चुलती उठली. चुलते नागपूरला दुकानात, शेत तिनंच केलेलं. ती म्हणाली, "बांध दिसंल झकास, पण वरनं माती वाहून आली की दोन सालांत भरंल. आधी डोंगराला चर मारा. आन् पैसा दिला म्हंजी काम झालं आसं न्हाई, घरटी एक माणूस कुदळ घिऊन आला पायजे."

माथा ते पायथा काम करायचं हे सरकारी पुस्तकातही लिहिलेलं आहे. पण तिला ते पुस्तकातून कळलं नव्हतं. कुठल्या घळीतून पाणी कसं उतरतं, कुणाच्या बांधावर गाळ साचतो, हे आम्हा बाहेर राहणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. दुकानं चालवणाऱ्यांचे फोटो गावातल्या फलकावर लागतात. ज्या बायकांनी मागं राहून जमीन पडीक पडू दिली नाही, म्हातारी माणसं सांभाळली, आलेला पैसा राखला, त्यांचा एकही फोटो तिथं नाही. ही मला मोठी अन्यायाची गोष्ट वाटते.

चर आधी झाले. सुट्टीवर आलेली पोरंही कुदळ घेऊन चढली आणि भट्टीवर घट्टे पडलेल्या हातांना तिथं फोड आले. बांध नंतर झाला, ठरला होता त्यापेक्षा लहान. आमच्या विहिरीला पूर्वी फेब्रुवारीत तळ दिसायचा, आता पावसाळा बरा झाला तर एप्रिल निघतो.

पण आता दुसरीच काळजी लागली आहे. कराडजवळच्या टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून या भागात आणलं. शिवारं हिरवी झाली, आणि त्याबरोबर ऊसही आला. ज्यांच्या रानाला कालवा पोचत नाही, ते बोअर मारतात. त्या बोअरलाही पैसा गलाईचाच. चर खोदायला ज्यानं वर्गणी दिली, त्याच्याच रानात वर्षाच्या आत खोल बोअरची गाडी उभी राहिलेली मी पाहिली आहे. त्याला एकट्याला दोष कसा द्यायचा? दुकान कधी बंद पडेल याचा नेम नाही. विकायला आलेला माल चोरीचा निघाला तर पोलीस पहिल्यांदा आमच्याच दारात येतात. २०२० च्या टाळेबंदीत सगळी दुकानं बंद झाली आणि माणसं मिळेल त्या गाडीनं गावी परतली. गावातलं पाणी हाच आपला शेवटचा आधार, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. म्हणूनच जो तो आपापल्या रानात ते धरून ठेवू बघतो.

यंदा गावात ठराव मांडायचा आहे. ओढ्याच्या दोन्ही अंगांना नवी बोअर नको, आणि उसाला ठिबकाशिवाय पाणी नको. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये त्यावरून रात्री उशिरापर्यंत वाद चालतो. त्रिशूर, नागपूर, जम्मू, सगळीकडून आवाज येतात आणि बाहेरच्यांचं म्हणणं, वर्गणी आमची तर मत आमचंही हवं. मी स्वतः बाहेरचा, माझंही रान त्याच ओढ्याला लागून आहे. तरी मी ग्रुपवर लिहिलं आहे, की वर्गणी आपण देऊ, हिशेबाची वही बघू, पण पाण्याचा नियम गावात राहणाऱ्यांनी ठरवावा आणि तो आपल्या रानालाही लागू व्हावा. निम्म्या लोकांना ते रुचलेलं नाही. चुलतीनं फोन करून सांगितलं, "ल्हिऊन काय उपेग, यात्रंला ये आन् सगळ्यांच्या म्होरं बोल." यात्रेचं तिकीट काढलं आहे.