काळे आकाश

निरभ्र रात्रीचे आकाश काळे असते, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. कॅमेऱ्याची तशी नसते. मिनिट-दोन मिनिटे डोळा उघडा ठेवून तो पाहू लागला, की त्यास तेच आकाश कधी नारिंगी, कधी करडे, तर कधी चक्क हिरवट दिसते. चैत्रातल्या पहाटे तोरण्याच्या पायथ्याशी उभे राहिले, की ईशान्येस हंस तारकासमूह वर आलेला असतो. पुण्याचा उजेडही त्याच दिशेस. साहजिकच माझ्या छायाचित्रांच्या तळाशी पिवळट लोट उठतो आणि वर जाताना तो हळूहळू विरतो. हा लोट धुऊन काढणे हा या छंदातील निम्मा उद्योग आहे.

त्याची रीत मोठी कठीण नाही. भिंगामुळे चित्राचे कोपरे काळवंडतात तो दोष गुणाकाराचा, म्हणून तो भागाकाराने जातो. शहराचा उजेड ताऱ्यांच्या उजेडात मिळवला गेलेला असतो. तेथे वजाबाकीच हवी. चित्रातील रिकाम्या जागा निवडाव्या, त्यांवरून संगणकाकडून उजेडाचा एक सौम्य पडदा आखवून घ्यावा, आणि तो तांबडा, हिरवा व निळा या तिन्ही रंगांतून निरनिराळा वजा करावा. मग सूर्यासारख्या जी-२ वर्गाच्या एखाद्या ताऱ्यास शुभ्र मानून इतरांचे रंग जुळवावे.

पण रिकामी जागा म्हणावयाची कोणती? हंसातून तर आकाशगंगाच वाहते! डेनेबजवळच्या तेजोमेघाची लाली इतकी फिकी व पसरट, की संगणक तीही शहराचीच समजून पुसून टाकतो. हिरव्या छटेचे तेच. सुमारे ९५ किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनचे अणू रात्रभर ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देत असतात. हा उजेड मोजण्याच्या एककास चौथ्या लॉर्ड रेले यांचे नाव आहे; आकाश निळे का, याचा उलगडा करणारे रेले ते त्यांचे वडील. पित्याने दिवसाचे आकाश घ्यावे व पुत्राने रात्रीचे, ही वाटणी मला फार आवडते. आणि आपण मात्र तो हिरवा रंग डाग म्हणून खरवडतो!

शिवाय वजाबाकीने उजेड जातो, त्याने आणलेली खरखर जात नाही. तिच्यात बुडालेले मंद तारे परत येत नाहीत. सोडियमच्या जुन्या दिव्यांचा पिवळा उजेड गाळणीने पुष्कळसा अडवता येई. पांढरे एलईडी दिवे साऱ्या वर्णपटभर पसरतात. त्यांना गाळणी कोठून आणावी?

माझे एक स्वच्छ केलेले चित्र पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तोरण्याहून आकाश इतके काळे दिसते?" तेव्हापासून मी चित्राशेजारी वजा केलेला पडदाही चौकटीत लावतो. त्यात हंस नाही, आकाशगंगा नाही. तळाशी नुसते पुणे आहे.